१ जूनच्या आत विहिरींचा हिशेब द्या

खाण व्यवस्थापन आणि जिल्हा प्रशासन यांस,

निवेदने देऊन झाली. त्यांच्या पोचपावत्या आमच्या फायलीत आहेत.

हा इशारा आहे.

वर्धा खोऱ्यात, भूमिगत कोळसा खाणीच्या माथ्यावर आमची गावे आहेत. या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून समिती नेमली. त्या ठरावांच्या बळावर आम्ही बोलत आहोत.

मागणी एकच. खाणीतील उपशामुळे आणि कोळशाचे खांब काढल्यामुळे आमच्या भूजलाचे नेमके काय झाले आणि पुढे काय होणार, याचे स्वतंत्र मूल्यमापन करा. ते हाती येईपर्यंत नाल्याखालच्या नव्या पॅनेलमधील, म्हणजे खाणीच्या नव्या विभागातील, एकही खांब काढू नका.

मुदत १ जून.

तारीख विचार करून ठरवली आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावाच लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. या वेळच्या अहवालात खऱ्या विहिरींचे खरे आकडे हवेत. ते नसतील तर पुढे काय होईल, तेही या पत्रात लिहिले आहे.

आम्ही किती थांबलो, ते आधी नोंदवतो.

विहिरी पहिल्यांदा खाली गेल्या, तेव्हा पाऊस कमी झाला असे सांगण्यात आले. आम्ही ऐकून घेतले. पुढे पाऊस चांगला झाला. विहिरी वर आल्या नाहीत. मग तुम्हीच बोअर फार मारले असे सांगण्यात आले. तेही ऐकून घेतले.

पाण्याचे नमुने नेण्यात आले. निष्कर्ष मागितले, तर नमुने प्रयोगशाळेत आहेत असे उत्तर मिळाले. कोणत्या प्रयोगशाळेत, असे विचारले. त्याचे उत्तर आजवर आलेले नाही.

अधिकारी बदलले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे आम्ही तीच कागदपत्रे पुन्हा ठेवली.

माहितीच्या अधिकारात पंपांच्या नोंदी मागितल्या. काही पाने मिळाली. ज्या महिन्यांची हवी होती, त्यांची मिळाली नाहीत.

या सगळ्या काळात आमच्यामुळे खाणीची एकही पाळी बुडली नाही. कोळशाचा एकही ट्रक अडला नाही.

आमचीच मुले त्या खाणीत उतरतात. पाळी संपवून वर आलेला कामगार आमच्याच गावचे पाणी पितो. म्हणून आम्ही थांबलो. या थांबण्याचा कोणी दुबळेपणा असा अर्थ लावला असेल, तर तो आजच सोडावा.

आता वस्तुस्थिती.

नाल्यापलीकडच्या वावरात चला. तिथे खालचे खांब काढून झाले आहेत.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे आम्हाला कोणी सांगायला नको. त्या भेगा वेड्यावाकड्या असतात. सगळ्या रानभर सारख्या असतात. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की मिटतात.

ही भेग तशी नाही. ती सरळ जाते. तासांना आडवी जाते, बांध फोडते आणि पलीकडच्या शेतात शिरते. तिच्या एका बाजूची जमीन दुसऱ्या बाजूपेक्षा खाली बसली आहे. पावसात रानाचे पाणी तिच्याकडे धावते आणि तिच्यात उतरते. डबके साचत नाही. पाणी कुठे गेले, ते वरून दिसत नाही.

व्यवस्थापनाने त्या भेगेत मुरूम टाकला. पुढच्या पावसाळ्यात मुरूमही खाली गेला.

त्या वावरापासून हाकेच्या अंतरावर विहीर आहे. आजोबांच्या काळात बांधलेली, दगडी कठड्याची. तिच्या आतल्या दगडांवर पाण्याच्या जुन्या खुणा आहेत. सर्वांत वरची खूण पावसाळ्यातली. तिच्या खालची हिवाळ्यातली. त्याखालची मे महिन्यातली. आज हिवाळ्याचे पाणी मेच्या खुणेच्याही खाली असते. शेतकरी मोटर खाली खाली सरकवत गेला, पाईपला जोड देत गेला. आता फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटर हवा ओढते. गव्हाचे शेवटचे पाणी चुकते. दाणा भरत नाही.

जे पाणी उरले आहे, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊनही दाणा दाणा वेगळा राहतो. वरणापुरते पाणी बाया दुसऱ्या गावाहून आणतात. ज्या घरात आणायला माणूस नाही, त्या घरात वरण होत नाही.

डाळ न शिजणे ही किरकोळ तक्रार मानली गेली. ती किरकोळ नाही. पाण्याचा जडपणा वाढल्याची ती घरातली पहिली खूण आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे ते मानक सांगते. सल्फेटसाठी हेच आकडे २०० आणि ४०० आहेत. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी ५०० आणि २,०००.

आमच्या विहिरी या आकड्यांच्या कोणत्या बाजूला आहेत, हे आम्हाला कागदावर हवे आहे. विहीरवार. तारखेसह. प्रयोगशाळेच्या नावासह.

सल्फेट कुठून येते, हे आपल्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. कोळशात आणि त्याच्या आसपासच्या खडकात पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज. पाण्याखाली ते शांत असते. खाणीने पाणी उपसले की तिथे हवा पोहोचते. हवा आणि ओल यांनी पायराइट फुटते. सल्फेट आणि लोह पाण्यात उतरतात. काही खाणींत हे पाणी आम्लधर्मी होते. काहींत खडकातला चुना ते आम्ल मारतो, पण त्या बदल्यात पाणी जड करून ठेवतो.

यात गूढ काही नाही. मोजण्याची इच्छा लागते.

आता जमिनीखाली काय घडते ते. हे आम्ही आपल्याला शिकवण्यासाठी लिहीत नाही. आम्हाला हे कळत नाही, असे समजून आपण आजवर बोलत आला आहात. म्हणून लिहितो.

या खोऱ्यातला कोळसा बराकर खडकांत आहे. त्याच्यावर बऱ्याच भागात कामठी वालुकाश्म आहे. हे नाव नागपूरजवळच्या कामठीवरून पडले. या वालुकाश्माच्या कणाकणांत आणि फटींत पाणी साठते. आमच्या बोअरचे पाणी तिथले. म्हणजे आमचे पाणी वर आणि आपला कोळसा खाली. दोघांच्या मध्ये जो खडक आहे, त्यावर सगळे अवलंबून आहे.

भूमिगत खाणीत आधी बोगदे पाडतात आणि छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवतात. तोवर पाणी झिरपते आणि पंपाने वर येते. वरचा खडक फारसा हलत नाही. पुढे हेच खांब काढले जातात. याला डिपिलरिंग म्हणतात. कोळसा काढून रिकामी झालेली जागा, खाण कामगार जिला गोफ म्हणतात, तिचे छत कोसळते. ते कोसळावे अशीच ती पद्धत असते. पोकळीच्या वरचा खडक ढासळतो. त्याच्या वरचा खडक ढासळत नाही, पण तडकतो. हा तडकलेला पट्टा काढलेल्या थराच्या जाडीच्या तीस-चाळीस पटीपर्यंत वर जाऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. तीन मीटर जाडीचा थर काढला, तर तडे ९० ते १२० मीटर वर जाऊ शकतात. कोळशाच्या वर कामठी वालुकाश्मापर्यंतचे अंतर किती? ते याहून कमी असेल, तर आमचे पाणी आपल्या गोफमध्ये उतरण्याचा रस्ता आपणच तयार केला आहे.

हे अंतर आपल्या बोअरहोलच्या नोंदींत लिहिलेले आहे. आम्ही ते मागितले. मिळाले नाही.

एकाखाली एक असे दोन थर काढले असतील, तर आधी फुटलेला खडक पुन्हा फुटतो. तो हिशेब वेगळा करावा लागतो. तो आम्हाला कुठे दिसलेला नाही.

आपला मूल्यमापन अहवाल आम्ही वाचला. पूर्ण वाचला. परिशिष्टांसह वाचला.

त्यात खाणीच्या प्रभावाची त्रिज्या एका जुन्या सूत्राने काढली आहे. सिचार्टचे सूत्र. पाणी किती खाली ओढले आणि थर किती झिरपू देतो, या दोन आकड्यांवरून ते अंतर सांगते. तात्पुरता उपसा करायचा असेल, थर सगळीकडे एकसारखा असेल, तर अंदाजापुरते ते चालते. तडकलेल्या खडकाला, भ्रंशरेषांना, वर्षानुवर्षे चाललेल्या उपशाला आणि कोसळलेल्या छताला ते लागू पडत नाही. भ्रंश आहेत असे अहवालातलाच नकाशा सांगतो. त्रिज्येचे गणित ते नाहीत असे धरून केले आहे.

झिरपण्याचा आकडाही आमच्या जमिनीत चाचणी करून काढलेला नाही. तो पुस्तकातून घेतला आहे.

मग येतो पाण्याचा ताळेबंद. खाणीभोवती दहा किलोमीटरचे वर्तुळ धरले. अशा वर्तुळाचे क्षेत्र ३१४ चौरस किलोमीटर होते. त्या संपूर्ण क्षेत्रात पावसाचे किती पाणी मुरते ते काढले. त्यातून खाणीचा उपसा वजा केला. बाकी भरपूर उरली. निष्कर्ष लिहिला की परिणाम नगण्य आहे.

दहा किलोमीटरवरच्या गावात मुरलेले पाणी आमच्या विहिरीत येत नाही. खाणीच्या माथ्यावर दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात जे घडते, ते या सरासरीत बुडवले गेले. तो पट्टा म्हणजे आमची गावे.

एक उथळ विहीर भरलेली दाखवून सगळे ठीक असल्याचे सांगण्यात आले. नाल्याकाठच्या गाळातली उथळ विहीर नाल्यावर जगते. खोल वालुकाश्मातली पातळी आधी पडते, उथळ पाणी पुढे केव्हातरी. म्हणून प्रत्येक थराचे पाणी वेगळे मोजावे लागते. एकाच जागी वेगवेगळ्या खोलीच्या निरीक्षण नळ्या घालाव्या लागतात. त्या घातलेल्या नाहीत.

हे मूल्यमापन आम्हाला मान्य नाही.

पावसाचा आणि बोअरचा मुद्दा राहतो. तो आम्ही टाळत नाही.

गावातली प्रत्येक कोरडी विहीर खाणीमुळेच कोरडी पडली, असे आम्ही म्हटलेले नाही. बोअर वाढले आहेत. काही वर्षे पाऊस दगा देतो. पण यातले काय किती, हे वेगळे करता येते. खाणीपासून दूरची, त्याच खडकातली, तोच पाऊस आणि तीच पिके असलेली गावे निवडा. तिथल्या विहिरी आमच्या विहिरींबरोबर मोजा. पाऊस दोन्हीकडे सारखा. बोअर दोन्हीकडे. फरक उरला तर तो खाणीचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी जिल्ह्यात आहेत. या खोऱ्यात कोळसा एकोणिसाव्या शतकापासून निघतो. वरोऱ्याची खाण तेव्हाची. तुलनेला माहिती नाही, असे म्हणायला जागा नाही.

पंप किती तास चालले, रोज किती पाणी वर आले, हे खाणीत लिहून ठेवले जाते. त्या नोंदी आणि विहिरींच्या पातळ्या एकाच कागदावर, महिनेवार, शेजारी शेजारी मांडा. कोणत्या पॅनेलचे खांब कोणत्या महिन्यात काढले, तेही तिथेच लिहा. बाकीचे तो कागद सांगेल.

तो कागद आजवर बनवला गेला नाही. आम्ही तो बनवायला घेतला आहे. आमच्या बाजूचे रकाने भरले आहेत. विहिरी आम्ही टेपने मोजतो. कठड्यावर रंगाची खूण केली आहे, मोजणी तिथूनच होते. शाळा सोडलेली आणि शाळेत जाणारी, दोन्हीकडची मुले हे काम करतात. वही दर महिन्याला ग्रामपंचायतीत वाचली जाते आणि सरपंच तिच्यावर सही करतात.

आपल्या बाजूचे रकाने रिकामे आहेत.

यात आमच्या मनाची एकही मागणी नाही. कोळसा प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत ठरलेल्या अटी असतात. भूजल पातळी वर्षातून चार वेळा मोजावी. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. गुणवत्ता मे महिन्यात तपासावी. पातळी घसरली तर पुनर्भरण करावे. उपशामुळे गावच्या विहिरी आटल्या तर गावाला पाणी द्यावे. जमीन बसणे पूर्ण थांबेपर्यंत तिची मोजणी चालू ठेवावी, भेगा बुजवाव्यात.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २४ सप्टेंबर २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे खाणींनाही लागू आहेत. पाणी मोजणारे, छेडछाड न करता येणारे मीटर लावावेत. परिघावर निरीक्षण विहिरी घेऊन दर महिन्याला पातळी नोंदवावी.

स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले. विकासाचे काम निसर्गाला घातक नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर आहे, हे १९९६ साली वेल्लोर खटल्यात सांगितले.

म्हणजे पुरावा आम्ही द्यायचा नाही. तो आपण द्यायचा आहे.

टँकर पाठवून हा विषय संपणार नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी पिण्याच्या पाण्यासाठी प्राधान्याने खर्च व्हायचाच आहे. तो कायद्याने आमचा आहे. त्यातून आलेला टँकर हे मूल्यमापनाचे उत्तर म्हणून आम्ही स्वीकारणार नाही. खाणीचे पाणी गाळून नळाने देऊ, हा प्रस्तावही ऐकला. खाण चालू आहे तोवर पंप चालतील. खाण बंद झाली की नळ बंद.

त्यानंतर काय, हे आपल्या अहवालात एका परिच्छेदात आटोपले आहे. आम्हाला तो परिच्छेद सर्वांत जास्त खुपतो.

पंप थांबले की गोफ पाण्याने भरतो. इतकी वर्षे हवेत फुटलेल्या पायराइटचे क्षार त्या पाण्यात एकदम विरघळतात. पाणी वर चढत जाते. तड्यांतून आमच्या वालुकाश्मात शिरू शकते. तेव्हा विहिरी भरलेल्या दिसतील आणि ते पाणी पिता येणार नाही. कंपनी त्या वेळी इथे नसेल. आमची नातवंडे असतील. खाण बंद झाल्यानंतरच्या पाण्याचे गणित आज मांडले नाही, तर ते पुन्हा कोणी मांडणार नाही.

आणि जमीन. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. ते गाव आमच्यापासून दूर नाही. तिथले लोक आमच्या नात्यातले आहेत.

नाल्याखालच्या नव्या पॅनेलचा प्रश्न म्हणूनच तातडीचा आहे. तिथे छत पाडले, तर तडे नाल्याच्या पात्रापर्यंत येतील का, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. आले, तर पावसाळ्यात नाला खाणीत उतरेल. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामातले साठलेले पाणी फुटून आत आले. पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. खाणीतल्या माणसाच्या डोक्यावर किती पाणी आहे आणि ते कुठून येऊ शकते, हे माहीत असणे ही भूजल मूल्यमापनाचीच बाब आहे. खाली उतरणारी मुले आमची आहेत. त्यांच्यासाठीही आम्ही हे मागतो.

खांब काढायचेच असतील, तर पोकळीत वाळू भरून काढण्याची पद्धत आहे. ती या देशाला नवी नाही. तिने खडक कमी तडकतो, जमीन कमी बसते. खर्च वाढतो. तो खर्च आणि गावांच्या पाण्याची किंमत, दोन्ही मूल्यमापनात शेजारी शेजारी मांडा. वाळू आमच्याच नदीतून उपसणार असाल, तर तोही परिणाम मोजा. नदीची वाळू पाणी धरते.

खाण बंद करा, अशी आमची मागणी नव्हती. आजही नाही. १ जूननंतर ती असेल की नसेल, हे आपल्या वागण्यावर ठरेल.

आता काय हवे, ते स्पष्ट लिहितो.

मे महिन्यात मोजणी करायची आहेच. ती आमच्यासमोर करा. विहिरींची यादी समिती देईल. मोजणारा माणूस कंपनीचा असू शकतो. टेप कठड्यावरच्या आमच्या खुणेपासून सुटेल. आकडा तिथेच दोन्ही वह्यांत लिहिला जाईल आणि दोन्ही बाजूंच्या सह्या होतील.

पाण्याचा प्रत्येक नमुना दोन बाटल्यांत घ्या. सीलबंद करा. एक आपली, एक आमची. आमची बाटली आम्ही निवडलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाईल. खर्च कंपनीचा.

मूल्यमापन करणारी संस्था कंपनीच्या पैशावर अवलंबून नसावी. पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा करा. संस्थेची निवड भूजल यंत्रणा, ग्रामसभांचे प्रतिनिधी आणि बाहेरचा भूजलतज्ज्ञ मिळून करतील.

बोअरहोलच्या नोंदी, पंपांच्या नोंदी, पॅनेलनिहाय खांब काढल्याच्या तारखा आणि जमीन बसल्याची मोजमापे १ जूनपर्यंत ग्रामपंचायतींना द्या. मराठीत द्या.

नाल्याखालचे काम थांबवल्याचा लेखी आदेश त्याच तारखेपर्यंत द्या. तोंडी आश्वासन चालणार नाही. तोंडी आश्वासने आमच्याकडे भरपूर आहेत.

हे झाले, तर मूल्यमापनाला लागेल तेवढा वेळ आम्ही देऊ. घाईचा अभ्यास आम्हालाही नको आहे. किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा मोजल्याशिवाय भूजलाबद्दल कोणी काही ठामपणे सांगू शकत नाही. संस्था ठरवू द्या. विहिरी उघड्या आहेत, वह्या तयार आहेत, माणसे तयार आहेत.

हे झाले नाही, तर पुढचे ठरलेले आहे.

राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढचा अर्ज तयार आहे. वह्या त्याला जोडल्या आहेत. भेगेची छायाचित्रे जोडली आहेत, ऋतूवार. २०१० च्या कायद्याच्या कलम २० नुसार लवादाला खबरदारीचे तत्त्व आणि प्रदूषकाने भरपाई देण्याचे तत्त्व लावावेच लागते. आम्ही भरपाई मागू आणि तिच्या आधी कामबंदीचा आदेश मागू.

विस्ताराची जनसुनावणी येईल. त्या मंडपात आमची सगळी गावे असतील. प्रत्येक विहिरीचा मालक उठेल, आपल्या विहिरीचा आकडा वाचेल आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेईल. सुनावणी किती तास चालेल, याची काळजी आम्ही करणार नाही. लवकर संपवण्याचा प्रयत्न झाला, तर तोही नोंदवला जाईल.

यापुढे खाणीच्या कोणत्याही कामासाठी, रस्त्यासाठी, पाईपलाईनसाठी, विजेच्या खांबासाठी एकाही ग्रामसभेची संमती मिळणार नाही. ठराव झाले आहेत. त्यांवर तारीख टाकायची बाकी आहे.

आणि कोळशाचा रस्ता. तो आमच्या गावांतून जातो. २ जूनच्या सकाळपासून त्या रस्त्यावर आमचे धरणे सुरू होईल. पोलीस ठाण्याला आगाऊ लेखी सूचना दिली जाईल. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, कामगारांची बस यांना वाट मोकळी राहील. कोळशाच्या ट्रकला राहणार नाही. कोणी दगड उचलणार नाही. कोणी आवाज चढवणार नाही. पाळी कोणत्या गावाची, स्वयंपाक कोणाचा, सावलीला ताडपत्री कुठून आणायची, हे सगळे ठरले आहे. पेरणीच्या दिवसांतही पाळ्या चालतील. ज्याचे वावर पेरायचे आहे, त्याच्या जागी शेजारचे गाव बसेल.

अटक झाली, तर पुढची तुकडी तयार असेल. त्यांची नावेही लिहून ठेवली आहेत.

कामगार संघटनांना हे पत्र आजच दिले आहे. नाल्याखालच्या पॅनेलमध्ये पाण्याचा हिशेब न मांडता माणसे उतरवावीत का, हे त्यांनी व्यवस्थापनाला विचारावे, असे आम्ही त्यांना कळवले आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयालाही प्रत गेली आहे.

चर्चेला बोलावलेत, तर येऊ. कार्यालयात नाही. विहिरीवर. सोबत टेप, पंपांच्या नोंदी आणि सहीचा अधिकार असलेला अधिकारी असावा. यातले एक जरी नसेल, तर ती बैठक आम्ही चर्चा म्हणून मोजणार नाही.

१ जूनला सकाळी १० वाजता ग्रामपंचायत कार्यालय उघडेल. संध्याकाळी ५ पर्यंत कागदपत्रे तिथे पोचती करावीत. सचिव पोच देतील. ५ वाजता रजिस्टर बंद होईल आणि गावोगावी निरोप जाईल.

ग्रामसभांच्या वतीने,
समिती